नोकिया ५८००: दाबून चालणारा टचस्क्रीन

ऑक्टोबर २००८ मध्ये जाहीर झालेला नोकिया ५८०० एक्सप्रेसम्युझिक आजही कुणाकुणाच्या कपाटात पडून असेल. त्याचा ३.२ इंची स्क्रीन 'रेझिस्टिव्ह' होता. वरचा लवचिक थर दाबून खालच्या थराला टेकला की फोनला जागा कळायची. म्हणून नख, काडी काहीही चालायचं. बोट नुसतं टेकवून भागत नसे. आजचे स्क्रीन बोटाच्या स्पर्शाने बदलणारा विद्युतभार ओळखतात.

कॅमेरा ३.२ मेगापिक्सेल, बॅटरी १३२० एमएएच, तीही काढता येणारी. फोनची स्वतःची मेमरी तुटपुंजी, त्यामुळे फोटो बहुधा कार्डातच असतात. भंगारात देण्याआधी कार्ड काढून रीडरला लावून बघा. बॅटरी फुगली असेल तर मात्र चार्जिंगला लावूच नका.