बाहेरचं ॲप फोनमध्ये घ्यावं की नाही?



मागच्या मासिक बैठकीत फसवणुकीचा विषय निघाला, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका आजींनी मला विचारलं, "बाई, एवढी लोकं लुबाडली जातात, तर फोनवाले ती वाटच बंद का करत नाहीत?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंधरा दिवस त्यावर वाचलं, दोघा-तिघांना विचारलं. हा लेख त्या आजींसाठी. आणि थोडा माझी स्वतःची चूक कबूल करण्यासाठी.

चूक आधी सांगते. गेल्या पावसाळ्यात आपण हिशेब ठेवायचं नवीन ॲप सुरू केलं. ॲप बनवणाऱ्यांनी सांगितलं, "प्ले स्टोअरवर यायला वेळ लागेल, तोवर ही फाईल वापरा." मी ती फाईल आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. सोबत फोटो काढून पायऱ्याही टाकल्या: फाईलवर दाबा, धोक्याची सूचना येईल, घाबरू नका, सेटिंगमध्ये जा, 'अज्ञात ॲप'ला परवानगी द्या, पुढे चला. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी तसं केलं. मला फार छान वाटलं होतं, आमच्या ताया सेटिंगमध्ये जाऊन बदल करायला शिकल्या म्हणून!

चार महिन्यांनी आपल्याच एका गटाच्या कोषाध्यक्ष ताईंना त्यांच्या जावेच्या नंबरवरून एक फाईल आली. नाव होतं सरकारी योजनेच्या केवायसीचं. धोक्याची सूचना आली. ताईंनी 'घाबरू नका' हे लक्षात ठेवलं होतं. सेटिंगमध्ये गेल्या, परवानगी दिली, पुढे गेल्या. ॲप उघडलं, त्यावर सरकारी चिन्ह. आधार नंबर मागितला, एटीएम कार्डाचा नंबर मागितला, पिन मागितला. रात्रीतून १८,६०० रुपये गेले. त्यातले ११,००० गटाचे होते. हप्त्याची जमा झालेली रोकड दुसऱ्या दिवशी बँकेत भरायची म्हणून ताईंनी तेवढ्यापुरती स्वतःच्या खात्यात ठेवली होती. (ही पद्धत बंद करायची आहे. त्यावर पुढच्या अंकात लिहीन.)

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या मला एवढंच म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच तर शिकवलं होतं ना असं करायला." त्यावर मी काय बोलणार? नाव न घालता हे लिही, असं त्यांनीच सांगितलंय.

आता ही 'वाट' म्हणजे नेमकं काय ते बघू. एपीके म्हणजे ॲपचं बांधलेलं गाठोडं. प्ले स्टोअरमधून आपण ॲप घेतो तेव्हाही असंच गाठोडं फोनमध्ये येऊन सुटतं. फरक इतकाच की तिथे दुकानदार गूगल आहे. तो गाठोडं आधी तपासतो आणि बनवणाऱ्याची नोंद ठेवतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या गाठोड्याची जबाबदारी कुणावरच नसते. ज्याच्या नंबरवरून आलं त्याच्यावरही नाही. त्या जावेने फाईल पाठवलीच नव्हती. तिचा फोन आधीच पकडला गेला होता आणि तिच्या यादीतल्या सगळ्यांना फाईल आपोआप जात होती. म्हणून 'ओळखीच्या नंबरवरून आली' हे कारण इथे चालत नाही.

गाठोडं सुटलं की ॲप परवानग्या मागतं. बहुतेकदा पहिली परवानगी मेसेज वाचण्याची असते. आपण पटकन 'हो' दाबतो. इथेच सगळं संपतं, कारण बँकेचा ओटीपी मेसेजनेच येतो. तो आपल्याआधी चोराकडे पोचतो. ताईंनी ओटीपी कुणालाही सांगितला नव्हता. "ओटीपी कुणाला सांगू नका" हे आपण शंभर वेळा ऐकलंय, पण अशा ॲपला ओटीपी सांगावाच लागत नाही. आणखी एक परवानगी असते, 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची. ज्यांना नीट दिसत नाही अशांच्या मदतीसाठी ती फोनमध्ये ठेवलेली आहे. ती चोराच्या ॲपला मिळाली तर तो आपल्या स्क्रीनवरचं वाचू शकतो आणि आपल्या वतीने बटणंसुद्धा दाबू शकतो. काही ॲप तर टाकल्यावर स्वतःचं चिन्हच लपवतात. आपल्याला वाटतं, ॲप चाललं नाही, गेलं.

मग आजींचा प्रश्न बरोबरच आहे की! वाट बंद का करत नाहीत?

काही फोनवर ती बंदच आहे. आयफोनमध्ये आपल्या देशात ॲप ॲपलच्या दुकानातूनच घ्यावं लागतं. युरोपात मात्र २०२४ पासून कायद्यामुळे ॲपलला दुसऱ्या दुकानांनाही वाट द्यावी लागली. आपल्या हातातले फोन बहुतेक सगळे अँड्रॉइड, आणि अँड्रॉइडमध्ये ही वाट पहिल्यापासून आहे. गूगल म्हणतं की इंटरनेटवरून बाहेरच्या बाहेर आलेल्या ॲपमध्ये घातक ॲपचं प्रमाण प्ले स्टोअरच्या पन्नास पटींहून जास्त सापडलं. हा आकडा दुकानदाराने स्वतः दिलेला आहे, हे लक्षात ठेवून वाचायचा. तरी माझ्या अनुभवाशी तो जुळतो.

पण दुसरी बाजू आहे, आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. बाजारात कांदा घेणारा एकच व्यापारी असला तर भाव कोण ठरवतो? तो म्हणेल तो भाव, आणि तो म्हणेल त्या दिवशी वजन. ॲपच्या बाजारातही तेच होतं. मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या देशातल्या काही कंपन्यांची ॲप दुकानातून काढून टाकली. त्यात नोकरी शोधायची होती, लग्नं जुळवणारीही होती. भांडण होतं दुकानदाराला द्यायच्या कमिशनवरून. सरकारने मध्ये पडून बोलणी केली, तेव्हा काही दिवसांत ती परत आली. दुसरी वाटच नसती तर अशा वेळी ॲपवाल्याने कुठे जायचं?

त्याआधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, आपल्या भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला सुमारे १,३३८ कोटींचा दंड केला होता. फोनच्या बाजारातल्या आपल्या ताकदीचा गैरवापर केला म्हणून. बाहेरून ॲप घ्यायला आडकाठी करू नका, असंही त्या आदेशात होतं. पुढे मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण ही अट काढून टाकली. म्हणजे आयोगाचं एक मत, न्यायाधिकरणाचं दुसरं. शहाण्यासुरत्या माणसांचंही यावर एकमत नाही, हे वाचून मला जरा धीर आला.

आणि दुकानातलं सगळं चांगलं असतं असं तरी कुठे आहे? झटपट कर्ज देणारी ॲप आठवा. पाच हजार द्यायचे, आठवड्यात आठ हजार मागायचे, आणि नाही दिले तर फोनमधल्या सगळ्या नंबरांवर बदनामी करायची. त्यातली कितीतरी ॲप प्ले स्टोअरवरच होती. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या एका वर्षात अशी २,२०० हून जास्त कर्जाची ॲप तिथून काढली, असं सरकारने संसदेत सांगितलं. काढली हे चांगलंच, पण काढण्याआधी ती दुकानात मांडलेली होती. तेव्हा 'प्ले स्टोअरवर आहे' म्हणजे दुकानदाराने निवडलेलं धान्य, असं समजू नका. खडे तिथेही निघतात, कमी निघतात इतकंच.

आता गूगलनेच मधली वाट काढायचं ठरवलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ॲप दुकानातलं असो की बाहेरचं, ते बनवणाऱ्याने आपली ओळख नोंदवलीच पाहिजे. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या चार देशांत सुरुवात, आणि २०२७ पासून पुढे बाकीच्या देशांत, असं त्यांनी सांगितलं. यावर मोफत ॲप बनवणाऱ्यांनी मोठी हरकत घेतली. एफ-ड्रॉइड नावाचं अशा ॲपचं एक भांडार आहे, ते चालवणारे म्हणाले की हा नियम आला तर आमचं काम आज आहे तसं चालूच शकणार नाही. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने सांगितलं की जाणकार माणसाला स्वतःच्या जबाबदारीवर नोंद नसलेलं ॲप घेता येईल अशी सोय ठेवू. मात्र कुणी फोनवर बोलत, घाबरवत, घाई करत एखाद्याकडून ते करून घेऊ शकणार नाही, अशी ती बनवू.

मला स्वतःला हे शेवटचं सगळ्यात पटतं. फोन आपला आहे, पैसे आपण मोजलेत. त्यात काय ठेवायचं हे ठरवायचा हक्क आपलाच राहावा. 'बायांना कळत नाही म्हणून कुलूप लावा' हे मला कधीच पटलेलं नाही, फोनच्या बाबतीतही नाही. पण दार उघडायला वेळ लागला पाहिजे. आत्ता दोन-तीनदा दाबलं की दार उघडतं, आणि चोराला तेवढंच हवं असतं. ताईंना त्या रात्री फोनने एक दिवस थांबवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला नाहीतर मला विचारलं असतं.

आजी, हे झालं माझं उत्तर. गूगल आणि सरकार काय करायचं ते करतील. आपल्या फोनपुरतं काय करायचं ते आता सांगते.

व्हॉट्सॲपवर आलेली, नावाच्या शेवटी एपीके असलेली फाईल उघडायची नाही. लग्नपत्रिका असो, गाडीचं चलान असो, बँक असो, योजना असो. लग्नपत्रिका फोटो म्हणून येते, तिला ॲप कशाला लागतं? लाडकी बहीणची ई-केवायसी योजनेच्या वेबसाइटवर होते, त्यासाठी कुणी पाठवलेलं ॲप टाकावं लागत नाही. हा नियम माझ्या नंबरवरून आलेल्या फाईललाही लागू आहे. मी पाठवली तर मला फोन करून विचारा, आणि रागवा.

मग सेटिंग बघा. सेटिंगमध्ये 'ॲप्स', त्यात 'स्पेशल ॲप ॲक्सेस', त्यात 'अज्ञात ॲप इन्स्टॉल करा'. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये नावं थोडी वेगळी असतात. सापडलं नाही तर सेटिंगच्या वरच्या चौकटीत 'अज्ञात' किंवा इंग्रजीत 'अननोन' लिहून शोधा. तिथे व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल्स अशी यादी दिसेल. सगळ्यांसमोर 'परवानगी नाही' असलं पाहिजे. माझ्या सांगण्यावरून ज्यांनी तिथे 'हो' केलं होतं, त्यांनी हे आजच बंद करा. टाकलेलं ॲप त्याने जात नाही. आणखी एक, प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या गोल चित्रावर दाबा, तिथे 'प्ले प्रोटेक्ट' आहे. ते चालू ठेवा. ते बंद करा असं जो कुणी फोनवर सांगेल तो चोर समजा.

घरात फोन एकच असेल तर मुलांशी बोला. फुकट पिक्चर बघायचं ॲप, गेमचं 'मॉड', हे सगळं याच वाटेने येतं. ज्या फोनवर गटाच्या खात्याचे मेसेज येतात, त्यावर मुलाचा गेम नको. यावरून घरी भांडण होईल हे मला माहीत आहे.

आणि चुकून टाकलंच, तर? आधी नेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० ला फोन लावा. हा नंबर देशभर चालतो. सायबर क्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या वेबसाइटवरही तक्रार करता येते. तुमच्या नंबरवरून आलेली फाईल उघडू नका, असं गटाला दुसऱ्या फोनवरून कळवा. फोन साफ करणं त्यानंतर, जाणत्या माणसाकडून.

हे तासाभरात झालं पाहिजे. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, आणि लवकर कळलं तर मधल्या खात्यात अडवता येतात. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये एक परिपत्रक काढलं होतं. त्यानुसार पिन आपणच दिलेला असला तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार नंबर लिहून ठेवा.

आपल्या ताईंनी दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही. नवरा काय म्हणेल, गट काय म्हणेल, या भीतीने. त्यामुळे १८,६०० मधले ४,२०० रुपयेच अडवता आले, आणि तेही अजून हातात यायचे आहेत. गटाने त्यांना ११,००० भरायला दहा महिन्यांची मुदत दिली, बिनव्याजी. ठराव मांडला तो एका अशा ताईंनी, ज्यांचं कोषाध्यक्ष ताईंशी गेलं वर्षभर बोलणं नव्हतं.

हिशेबाच्या ॲपबद्दल येत्या बैठकीत मी एक ठराव मांडणार आहे: प्ले स्टोअरवर आल्याशिवाय ते कुणाच्याही फोनमध्ये ठेवायचं नाही, तोवर वहीत हिशेब. ॲप बनवणाऱ्यांना ते आवडलेलं नाही. बैठकीला येताना फोन चार्ज करून आणा. सेटिंग सगळ्या मिळून तपासू, सुरुवात माझ्या फोनपासून.