गिगसाठी बेस अँप किती वॉटचा?

परवा शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचाबाहेर एका पोराने हेच विचारलं.

ड्रम्स नसतील तर १०० वॉट बहुतेकदा पुरतात. ड्रम्स असतील तर ३०० च्या आसपास जा. बेसची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते. एवढा खर्ज ऐकू यायला गिटारपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. गिटारच्या अँपवर बेस जोरात वाजवलात तर स्पीकर फाटू शकतो.

अँपला डीआय आउट हवाच. तिथून वायर मिक्सरला गेली की हॉल साउंडवाल्याचा, अँप फक्त तुमच्या कानांसाठी. (पेठेतले जिने चढायचे असतील तर हलका क्लास-डी बघा!)

बेस? १९५१ पासूनचा फेंडर प्रिसिजनचा ढंग मला अजून पुरतो. अ‍ॅक्टिव्ह घेतलात तर वाजवून झाल्यावर केबल काढा, नाहीतर बॅटरी उतरते.

बजेट सांगा, सुचवतो.