समुद्र, शाई आणि क्रोशाची सुई

हा लेख पुढें वाचण्यापूर्वीं एक कोरा कागद घ्या आणि त्यावर आठवेल तसें पापलेटाचें चित्र काढा. कोंकणांतील घरांत हा मासा परका नाहीं. तेव्हां काम अवघड वाटूं नये. बहुतेकांच्या चित्रांत पाठीवरचा पर येईल, शेपटी येईल, कल्ल्यामागचा पर येईल, आणि छातीखालीं परांची एक लहानशी जोडीही उमटेल. आतां बाजारांतून आणलेलें खरें पापलेट समोर ठेवा. त्याच्या खालच्या बाजूस शेपटीकडे जाणारा लांब पर आहे खरा. परंतु छातीखालची ती जोडी त्यास नाहींच! इतर पुष्कळ माशांस ती असते, म्हणून आपला हात ती आपोआप काढून मोकळा होतो. वर्षानुवर्षें ताटांत आलेला मासा आपण किती थोडा पाहिला आहे, हें अशा वेळीं ध्यानांत येतें.

हाच अनुभव मुलांस मुद्दाम देण्यासाठीं अलीकडे अनेक देशांत शाळा, संग्रहालयें व मत्स्यालयें कार्यशाळा भरवूं लागलीं आहेत. त्यांत चित्रकार आणि समुद्रशास्त्र जाणणारा मनुष्य हे दोघे एकाच मेजाशीं बसून मुलांस शिकवितात. आमच्या पालकवर्गांत चित्रकलेचा तास म्हणजे परीक्षेच्या अभ्यासांतून चोरलेला वेळ, अशी समजूत अद्याप पुष्कळ आढळते. त्यांनीं या कार्यशाळांतील दोन-तीन कामें जवळून पाहावीं, एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

पहिलें काम माशाच्या ठशाचें. जपानांत यास ‘ग्योताकु’ म्हणतात. ‘ग्यो’ म्हणजे मासा व ‘ताकु’ म्हणजे ठसा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उत्तर जपानांतील शोनाई प्रांतांतले सामुराई गळानें धरलेल्या माशांचे असे ठसे घेऊन ठेवीत. मासा केवढा होता याचा तो पुरावाच असे. (गळ टाकणाऱ्याचा मासा घरीं पोहोंचेपर्यंत वाढतो, हें जगांत सर्वत्र सारखेंच असावें!) मासा धुवून त्यावरील बुळबुळीत थर काढतात, पुसून कोरडा करतात, पर पसरून टांचण्यांनीं रोवतात, मग कुंचल्यानें शाईचा पातळ हात देतात आणि वर पातळ कागद घालून बोटांनीं हलके हलके दाबतात. डोळा मात्र कोरा सोडून मागाहून कुंचल्यानें काढावयाचा असतो.

हा ठसा घेतांना बोटें माशाच्या अंगावरून इंच इंच फिरतात, आणि तेंच त्याचें मर्म आहे. बांगड्याचा ठसा घेणाऱ्या मुलास पाठीवर दोन पर दिसतात आणि दुसऱ्याच्या मागें शेपटीपर्यंत रांगेनें पांच चिमुकले पर सांपडतात. खालच्या बाजूसही तशीच पांचांची रांग असते. हे कशाला, असें तो आपण होऊन विचारतो. मग शिक्षकानें सांगावें कीं, सुरमई, कुपा अशा वेगानें पोहणाऱ्या माशांसही असे चिमुकले पर असतात, आणि शेपटीकडे जाणारा पाण्याचा प्रवाह सुरळीत राखण्यास त्यांचा उपयोग होत असावा असें शास्त्रज्ञ मानतात. पुस्तकांतून हेंच वाक्य आधीं वाचलेल्या मुलास तें आठवडाभरही आठवत नाहीं, असा माझा तरी अनुभव आहे.

दुसरें काम समुद्रांतील शेवाळाचें. सर जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४२ सालीं निळ्या छायाचित्रांची एक सोपी रीत शोधून काढली. अमोनियम लोह सायट्रेट व पोटॅशियम फेरीसायनाइड हीं दोन द्रव्यें पाण्यांत विरघळवून कागदास लावावयाचीं, कागद अंधारांत वाळवावयाचा, त्यावर वस्तु ठेवून तो उन्हांत धरावयाचा. जेथें ऊन लागतें तेथें पाण्यांत न विरघळणारा गडद निळा रंग तयार होतो. वस्तूच्या सांवलींतील द्रव्य तसेंच राहतें व साध्या पाण्यानें धुतलें असतां निघून जातें. याप्रमाणें निळ्या भूमीवर वस्तूची पांढरी आकृति उरते. हर्शेलच्या स्नेह्यांच्या कुटुंबांतील ॲना ॲटकिन्स या बाईंस समुद्रांतील शेवाळांचीं बारीक चित्रें हातानें हुबेहूब काढणें फार कठीण वाटत होतें. त्यांनीं हीच रीत उचलली, आणि १८४३ सालीं ब्रिटिश शेवाळांच्या अशा निळ्या चित्रांच्या पुस्तकाचा पहिला भाग काढला. छायाचित्रांनीं सजविलेलें जगांतील पहिलें पुस्तक म्हणून त्याची गणना होते. तें काम त्यांनीं पुढें दहा वर्षें नेटानें चालविलें.

आमच्याकडील ऊन इंग्लंडच्या उन्हाहून प्रखर, त्यामुळें चित्र उमटण्यास थोडींच मिनिटें पुरतात. पावसाळा सरल्यावर कोंकणच्या खडकाळ किनाऱ्यावर सारगॅसम नांवाचें तपकिरी शेवाळ पुष्कळ मिळतें. त्याच्या फांद्यांवर मण्यांएवढे गोल फुगे असतात. मुलें त्यांस फळें समजतात. वास्तविक ते हवेनें भरलेले असतात आणि शेवाळास पाण्यांत उभें धरून प्रकाशाकडे नेतात. निळ्या कागदावर हे फुगे स्पष्ट उमटतात. मात्र या रीतीचा एक दोषही सांगितला पाहिजे. ती बाह्य आकृति देते. रंग, जाडी, स्पर्श यांतलें कांहींच देत नाहीं. म्हणून ठशाशेजारीं पेन्सिलीनें एक चित्र काढविल्याखेरीज हें काम पुरें झालें असें मी तरी मानणार नाहीं.

तिसरें काम सर्वांत नवलाचें, आणि तें मुलांच्या आयांस अधिक आवडेल. क्रोशाचा गोल सपाट रुमाल विणतांना प्रत्येक फेरींत टांके ठराविक संख्येनें वाढवितात : ६, १२, १८, २४, ३०. हिशेब चुकून टांके जास्त पडले कीं रुमालास लाटा येतात, आणि आजी तो उसवावयास लावते. परंतु समजा, कोणीं हट्टानें प्रत्येक फेरींत टांके दुप्पट केले : ६, १२, २४, ४८, ९६. कडेची लांबी इतकी वाढते कीं ती सपाट मेजावर मावतच नाहीं. कापड घड्या घालीत, वळ्या घेत वर उठतें. युक्लिडच्या भूमितीहून निराळी अशी जी अपास्तीय भूमिति लोबाचेव्हस्की व बोल्याई यांनीं एकोणिसाव्या शतकांत मांडली, तिचें पृष्ठ असेंच असतें. कागदाचे नमुने लवकर फाटत. म्हणून डायना ताइमिन्या या लाटव्हियांत जन्मलेल्या गणितज्ञ बाईंनीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत १९९७ सालीं तें क्रोशानें विणून दाखविलें. आजी जी चूक समजत होती, ती अशी गणिताच्या वर्गांत मानानें जाऊन बसली.

आणि समुद्रानें ही विणकामाची युक्ति फार पूर्वींच साधली आहे. कित्येक प्रवाळांच्या व शेवाळांच्या कडा अशाच चुणीदार असतात. थोड्या जागेंत अधिक पृष्ठभाग मिळाला म्हणजे अन्न व प्रकाश अधिक घेतां येतो. मार्गारेट व क्रिस्टिन वर्थाइम या मूळच्या ऑस्ट्रेलियांतील भगिनींनीं लॉस एंजेलिस येथें २००५ सालीं या रीतीनें लोकरीचें प्रवाळबेट विणण्यास आरंभ केला. पुढें अनेक देशांतील हजारों माणसांनीं, त्यांत शाळकरी मुलेंही आलीं, आपआपल्या गांवीं अशीं बेटें विणलीं.

त्या भगिनींच्या मनांत नुसती हौस नव्हती. त्यांच्या मायभूमीच्या किनाऱ्यावरील प्रवाळांची प्रचंड रांग पांढरी पडत चालली होती. प्रवाळाच्या देहांत सूक्ष्म शेवाळ राहतें. त्याचें बरेंचसें अन्न व रंग त्यापासूनच येतो. समुद्राचें पाणी उन्हाळ्यांतील नेहमींच्या उष्णतेहून एखाद्या अंशानेंही कांहीं आठवडे अधिक तापून राहिलें, तर प्रवाळ हा भाडेकरू बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. तो लगेच मरत नाहीं. पण पाणी लवकर निवलें नाहीं, तर उपासमारीनें मरतो. हा प्रकार तेथें १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ व २०२४ या सालीं मोठ्या प्रमाणावर घडला. २०१६ पासून हीं सालें किती जवळजवळ आलीं आहेत, तें पाहावें.

हें संकट आपल्यापासून दूर आहे असें समजूं नये. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाखालीं मालवणच्या समुद्रांत प्रवाळ आहेत. तेथें १९८७ सालीं सागरी अभयारण्य झालें, आणि २०१५ च्या सुमारास तेथील प्रवाळही पांढरे पडल्याची नोंद शास्त्रज्ञांनीं केली आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नांवानें ओळखला जाणारा ‘आंग्रिया बँक’ हा पाण्याखालचा प्रवाळांचा उंचवटा विजयदुर्गापासून शंभरांहून अधिक किलोमीटर खोल समुद्रांत आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरही प्रवाळ आढळतात, हें तेथें राहणाऱ्यांसही बहुधा ठाऊक नसतें. २०१७ सालीं सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमानें ओहोटीच्या वेळीं लोकांस किनाऱ्यावर नेऊन ते दाखविले.

आपल्या शाळेंतील कोणी असा दिवस भरविणार असतील, तर दोन सूचना. प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, उचलून आणूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें प्रवाळांस संरक्षण आहे. त्याचें जागेवरच चित्र काढावें. ठशासाठीं मासा बाजारांतला व शेवाळ वाहून आलेलें घ्यावें. दुसरें, दिवस उधाणाचा, म्हणजे अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा निवडावा. भांगाच्या दिवसांत खडक पुरते उघडे पडत नाहींत. ओहोटी पुरी होण्याच्या तासभर आधीं खालीं उतरावें, आणि पाणी वळलें कीं, चित्र अर्धें राहिलें असलें तरी, वह्या मिटून वर यावें.