फ्रीजमधली बुरशी

परवा एक आजी नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. पोराला उलट्या होत होत्या. "डॉक्टर, पाव फ्रीजमधलाच होता हो! हिरवं तेवढं काढून दिलं. थंडीनं बुरशी मरते ना?"

मरत नाही, आजी. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ४ अंशांवरही ती सावकाश वाढतच असते. बर्फाच्या कप्प्यात वाढ थांबते, पण बीजाणू जिवंत राहतात. ऊब आणि ओल मिळाली की पुन्हा सुरू! प्रयोगशाळांत तर बुरशीचे नमुने उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये मुद्दाम जपून ठेवतात.

हिरवा डाग दिसतो तो वरचा. तंतू पावात आत खोल गेलेले असतात. शिवाय काही बुरशा विष सोडतात. शेंगदाणे व मक्यावरील बुरशीचे अफ्लाटॉक्सिन यकृत बिघडवते. ते गोठवून जात नाही, शिजवूनही पुरते जात नाही. १९७४ साली राजस्थान व गुजरातमधील खेड्यांत असा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली.

अन्न टाकवत नाही, हे मलाही कळते. तरी बुरशी आलेला पाव, भात, दाणे सरळ फेकून द्या. वास घेऊन पाहू नका; दमेकऱ्यांना तेवढेही बाधते.