मुलगी म्हणते, ‘ग्रुपचं काम होतं’: मास मीडियाच्या प्रोजेक्टमध्ये नेमकं काय चालतं?

मास मीडियाला प्रवेश घेतलेल्या मुलांच्या घरी पहिल्याच सेमिस्टरला एक प्रश्न निघतो. कॉलेज तर सकाळचं, मग पोरगी रात्री साडेआठला घरी का येते? उत्तर ठरलेलं, ‘ग्रुपचं काम होतं.’ अब्बांना तो बहाणा वाटतो, अम्मी काळजी करत बसते आणि शेजारच्या खालांना बोलायला विषय मिळतो. बी.कॉम. केलेल्या मोठ्या भावाला असलं काम कधी नव्हतं, त्यामुळे घरात ताडून बघायलाही कोणी नसतं. मी मुंबई विद्यापीठाच्या याच अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पूर्वी त्याला बीएमएम म्हणायचे, आता बीएएमएमसी म्हणतात. हे ग्रुपचं काम काय असतं, त्यातून मुलांना काय मिळतं आणि कुठे त्यांची फसगत होते, हे घरच्यांना कळलं तर निम्मी भांडणं कमी होतील, म्हणून हे लिहिते आहे.

काही विषयांचा पेपर असतो, तो ज्याचा त्याने लिहायचा. पण शॉर्ट फिल्म, डॉक्युमेंटरी, रेडिओचा कार्यक्रम, जाहिरातीची मोहीम, कॉलेजचं वर्तमानपत्र ही कामं पाच-सात, कधी दहा जणांच्या गटाला मिळून करावी लागतात. सर किंवा मॅडम विषयाची चौकट आणि सबमिशनची तारीख देतात. बाकी सगळं, म्हणजे माणसं शोधणं, परवानगी, कॅमेरा, पैसे, शूटिंग, एडिटिंग, हे मुलांनी बघायचं. आमच्याकडे गुण पडतात ते तयार झालेल्या फिल्मला, आणि ते गटातल्या सगळ्यांना जवळपास सारखेच. जो रात्रभर एडिटिंगला बसला त्याला 19 मिळतात, आणि जो शेवटच्या दिवशी फोटोपुरता आला त्याला 18. खरी गंमत इथून सुरू होते.

‘मग एकेकट्याला का करू देत नाहीत?’ असं अब्बांनी मला विचारलं होतं. प्रश्न बरोबर आहे. पण फिल्म हे कामच एकट्याचं नाही. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट 1960 पासून हेच शिकवते. तिथे दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग, ध्वनी यांचे विद्यार्थी वेगवेगळे घेतात आणि शेवटची फिल्म त्यांनी मिळून करायची असते. 2024 मध्ये कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या विभागात पहिलं बक्षीस मिळालेली 16 मिनिटांची कन्नड फिल्म अशाच एका वर्षाच्या टेलिव्हिजन कोर्सच्या शेवटी बनली होती. दिग्दर्शन चिदानंद नाईक, कॅमेरा सूरज ठाकूर, एडिटिंग मनोज व्ही. आणि ध्वनी अभिषेक कदम. चार माणसं, चार कामं, चौघांचीही नावं स्वच्छ. (नाईक आधी एमबीबीएस झाले आणि मग फिल्मकडे वळले. हे आमच्या घरी सांगितल्यावर अम्मी म्हणाली, ‘म्हणजे डॉक्टरकी सोडली?’)

आमच्या कॉलेजांमधला फरक हा, की तिथे कोण काय करणार हे प्रवेशाच्या वेळीच ठरलेलं असतं. इथे ते कॅन्टीनमध्ये पंधरा मिनिटांत ठरतं.

कोणाच्या वाट्याला काय येतं

ज्याच्या घरी डीएसएलआर, तो कॅमेरामन. ज्याचा लॅपटॉप चांगला, तो एडिटर. जो सगळ्यात मोठ्याने बोलतो, तो डायरेक्टर. उरलेले सगळे ‘प्रॉडक्शन’. प्रॉडक्शन हे खरं तर फार महत्त्वाचं खातं आहे. शूटिंगचं वेळापत्रक, हिशोब, परवानग्या, कोणी कुठे किती वाजता पोचायचं, हे सगळं त्यात येतं. पण विद्यार्थ्यांच्या गटात प्रॉडक्शनचा अर्थ होतो फोन करणं आणि वडापाव आणणं. आणि हे खातं, का कोण जाणे, मुलींकडेच येतं. पडद्यावर दिसायचं असेल किंवा निवेदन वाचायचं असेल तर मुलगी चालते, ट्रायपॉड मात्र ‘तुला जड होईल’.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. गटाने विषय घेतला मोहम्मद अली रोडवरचं खाणं, भिवंडीचे यंत्रमाग किंवा मुंब्र्यातलं जरीकाम, की वर्गातल्या मुस्लिम मुलाकडे सगळ्यांच्या माना वळतात. ‘तुझी ओळख असेल ना तिकडे?’ मग तो परवानगी काढतो, चाचांना समजावतो, उर्दू संवाद तपासून देतो, मशिदीच्या ट्रस्टींशी बोलतो. यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. ओळख ही मोठी पुंजी आहे. पण या कामाला नाव काय द्यायचं हे आधी ठरवलं नाही, तर शेवटी ते ‘विशेष आभार’मध्ये जातं.

गटात काही जण अंग चोरतात, हे काही आपल्याच मुलांचं वैशिष्ट्य नाही. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोरी ओढायला लावून ते मोजलं होतं. त्याचा अभ्यास 1913 मध्ये छापून आला. जितकी माणसं वाढवत जावी, तितका प्रत्येकाचा जोर कमी होत जातो, असं त्याला दिसलं. 1979 मध्ये अमेरिकेत लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी विद्यार्थ्यांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला सांगितलं, तिथेही तेच. पण याच संशोधकांनी पुढे आणखी एक गोष्ट दाखवली, ती आमच्या कामाची आहे. कोणाचा आवाज किती, हे वेगळं ओळखता येतंय असं कळलं की मुलं पुन्हा जोर लावतात. म्हणजे आळशी पोराला व्याख्यान देऊन फारसं काही होत नाही. त्याचं काम कोणतं, हे सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवलं की फरक पडतो.

बेकरीचं शूटिंग

दुसऱ्या वर्षाला आम्ही सात जणांनी पावाच्या बेकऱ्यांवर दहा मिनिटांची डॉक्युमेंटरी केली. 2025च्या सुरुवातीला उच्च न्यायालयाने मुंबईतल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बंद करून गॅससारख्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं होतं. विषय ताजा होता. पण त्यामुळेच एकही शेठ कॅमेरा आत घेऊ देईना. ‘तुम्ही शूटिंग कराल आणि उद्या आमच्याकडे नोटीस येईल,’ असं एकाने तोंडावर सांगितलं. शेवटी माझे मामू ज्या बेकरीतून पाव उचलतात, तिथल्या मालकांनी दोन अटींवर होकार दिला. बेकरीचं नाव दाखवायचं नाही, आणि ज्या कारागिराला चेहरा नको असेल त्याचा चेहरा घ्यायचा नाही.

ध्वनी माझ्याकडे होता. बेकरीत आवाज घेणं म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पीठ मळायचं मशीन, पंखे, पत्र्याचे ट्रे आपटण्याचा आवाज, बाहेर हॉर्न. मुलाखत घेताना पंखा बंद करा म्हणावं, तर भट्टीसमोर माणूस घामाने निथळतोय. म्हणून आम्ही मुलाखती मागच्या गोदामात, पिठाच्या पोत्यांमध्ये घेतल्या. भरलेली पोती आवाज शोषतात, त्यामुळे खोली घुमत नाही. मुलाखत झाली की अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि नुसत्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचा. एडिटिंगला दोन वाक्यं जोडताना मधली फट भरायला तो लागतो. कारागीर आम्हाला हसत होते, ‘इतकी शांतता कोणासाठी?’ म्हणून.

पाव पहाटे भाजला जातो, तर शूटिंगही पहाटे तीनलाच हवं, असा डायरेक्टरचा हट्ट होता. गटात तीन मुली, तिघींच्या घरून नकार. दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता वाद चालला. मग कारागिरांनाच विचारलं तेव्हा कळलं की दुपारीही एक घाणा निघतो, संध्याकाळच्या पावाचा. भट्टी तीच, माणसं तीच, आत उजेडही तितकाच कमी. आम्ही दुपारी शूट केलं आणि बाहेरचे पहाटेचे दोन शॉट मुलांनी जाऊन घेतले. तेव्हापासून माझं मत असं झालंय की विद्यार्थ्यांच्या बहुतेक ‘नाइट शूट’ना दिवसाचा पर्याय असतो, फक्त तो कोणी शोधलेला नसतो.

फिल्मची पहिली कॉपी लागली तेव्हा शेवटच्या पाट्यांमध्ये माझं नाव ‘स्थानिक सहकार्य’ म्हणून होतं. ध्वनीसमोर कॅमेरावाल्याचं नाव, कारण माइक त्याच्या मोठ्या भावाचा होता. भांडण झालं, थोडं रडणंही. पण कामांची वाटणी पहिल्या दिवशी ग्रुपवर लिहून टाकलेली होती, ती पुढे केली आणि पाटी बदलली. मॅडमकडे जावं लागलं नाही. गेलो असतो तरी उत्तर ‘आपसात मिटवा’ असंच आलं असतं.

नावावरून इतकं कशाला, असं वाटेल. मालेगावच्या लोकांना हे सांगायला नको. शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांनी ‘मालेगाव के शोले’पासून पुढे जे सिनेमे केले, त्यांत कॅमेरा सायकलवर ठेवून चालते शॉट घेतले, यंत्रमागावर राबणारा शफीक सुपरमॅन झाला. फैजा अहमद खान यांची ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ ही डॉक्युमेंटरी प्रत्येक मास मीडियाच्या मुलाने बघावी, कारण कमी पैशात गट कसा चालतो ते त्यात दिसतं. आणि त्यावरून रीमा कागती यांनी केलेला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ 2025 मध्ये थिएटरला आला, त्यात दोस्तांमध्ये फूट पडते तेव्हा लेखकाच्या श्रेयाचा प्रश्न असतोच.

कागद, पैसे आणि हार्ड डिस्क

आता थोडं व्यवहाराचं. पहिल्याच दिवशी एका पानावर कोण काय करणार, प्रत्येकाने किती पैसे घालायचे आणि फुटेज कोणाकडे राहणार, हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. दोस्तीत कागद कशाला, असं म्हणणारा एक जण असतोच. त्याची सही सगळ्यात आधी घ्यावी. आमच्या कॉपीराइट कायद्यात, 1957च्या, चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्माता धरला जातो, म्हणजे ज्याने तो करायचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये तो कोण, हे कॉलेजही सांगत नाही आणि मुलंही ठरवत नाहीत. मग फिल्म महोत्सवाला पाठवायची वेळ आली की सातही जण निर्माते होतात.

पैशाचं म्हणाल तर आमचे प्रत्येकी 800 रुपये गेले. कॅमेरा घरचा होता म्हणून इतक्यात भागलं. खर्च करण्याआधी आकडा विचारा, नंतर विचारलं की पोरांना तो संशय वाटतो. नवा कॅमेरा पहिल्या वर्षाला घेऊन देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पैशात एक बरा कॉलर माइक आणि दोन हार्ड डिस्क येतात, आणि त्या मुलाला गटात जास्त किंमत मिळवून देतात. फोर-के मध्ये, 100 एमबीपीएसवर शूट केलं तर एका तासाचं फुटेज 45 जीबी होतं. ते एकाच लॅपटॉपवर असेल आणि तो लॅपटॉप बिघडला, तर सात जणांचं सेमिस्टर गेलं. एक कॉपी एका घरी, दुसरी दुसऱ्याच्या घरी, एवढं तरी हवंच. शिवाय आपण केलेल्या कामाचा कच्चा माल आपल्याकडे हवा. पुढे कुठे मुलाखतीला गेलं की ‘यात तू काय केलंस?’ हाच पहिला प्रश्न असतो. सगळ्यांना मिळालेले 18-19 गुण तिथे कोणी बघत नाही.

घरच्यांनी काय विचारावं

‘इतका वेळ कुठे होतीस?’ याऐवजी ‘यात तुझं काम कोणतं आहे?’ असं विचारून बघा. मुलगी सलग तीन प्रोजेक्टमध्ये प्रॉडक्शनच करत असेल, तर पुढच्या वेळी कॅमेरा किंवा एडिटिंग माग, असं घरूनच सांगायला हवं. शूटिंगच्या आदल्या दिवशी कॉल शीट निघते. त्यात जागा, वेळ, कोण कोण असणार आणि कधी संपणार ते लिहिलेलं असतं. ती घरच्या ग्रुपवर टाकायला सांगा. कॉल शीट निघतच नसेल तर ते शूटिंग वेळेत संपणार नाही हे समजून चाला. रेल्वे स्टेशनवर शूट आहे म्हणाले तर रेल्वेची परवानगी आहे का तेही विचारा, कारण ती नसेल तर पोरांना पोलिसांना तोंड द्यावं लागतं.

सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतोय, आणि तोच सबमिशनचा मोसम. रोजा ठेवून दिवसभर बूम धरून उभं राहणं कठीण जातं, हे गटाला महिनाभर आधी सांगावं. आमच्या गटाने जड काम सकाळी घेतलं आणि मगरिबच्या अर्धा तास आधी पॅक-अप ठेवलं. एकदा एडिटिंग लांबलं तेव्हा बाकीच्या पाच जणांनी आमच्याबरोबर खजूर आणि भजी खाऊन इफ्तार केला. त्यांच्यातला एक जण तेव्हापासून रोज विचारतो, पुढचा रमजान कधी?

बेकरीची फिल्म अजून यूट्यूबवर नाही. दोन कारागिरांनी नंतर आपला चेहरा काढायला सांगितलं, आणि पार्श्वभूमीला घातलेल्या फिल्मी गाण्याचे हक्क आमच्याकडे नाहीत. कॉलेजमध्ये दाखवण्यापुरतं ते कोणी विचारलं नाही, बाहेर टाकायची तर दोन्ही बदलावं लागेल. संमतीपत्रं आता हिंदी आणि उर्दूत करून घेतली आहेत. एडिटर सध्या गावी गेलाय. एक हार्ड डिस्क त्याच्याकडे आहे आणि दुसरी आमच्या घरी, अम्मीच्या कपाटात.