सोरायसिस आणि यकृताची परीक्षा

आमचे धाकटे बंधु डोंबिवलीस राहतात. कोपरांवर व टाळूवर खवले धरणारा सोरायसिस त्यांच्या अंगीं गेलीं अठरा वर्षें आहे. घरांतील सर्वांचें लक्ष त्या खवल्यांकडे. यकृताचा विचार कोणाच्या स्वप्नींहि नव्हता. मद्याचा थेंब ज्या घरीं कधीं आला नाहीं, तेथें यकृत कसें बिघडेल? तीन वर्षांपूर्वीं एका सोनोग्राफींत यकृतावर चरबी असल्याचें लिहून आलें होतें. 'हें हल्लीं सर्वांनाच असतें' असें कोणीसें म्हटलें आणि कागद कपाटांत गेला.

यंदा ठाण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनीं मेथोट्रेक्झेट सुरू करण्यापूर्वीं रक्त तपासविलें. आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें हें औषध यकृतास बाधूं शकतें. शिवाय सोरायसिस हा केवळ कातडीचा विकार नव्हे. शरीरांत सतत धुमसणारा दाह, वाढलेला पोटाचा घेर व मधुमेह यांची संगत असल्यानें अशा रोग्यांत चरबीयुक्त यकृत इतरांहून अधिक आढळतें. पूर्वीं खात्रीसाठीं सुई घालून यकृताचा तुकडा काढीत. आतां आरंभ गणितानें होतो. त्याचें नांव 'फिब-फोर'. वयास एएसटीच्या आंकड्यानें गुणावें. मग हजारांत मोजलेल्या प्लेटलेटना एएलटीच्या वर्गमूळानें गुणून त्या गुणाकारानें भागावें. बंधूंचें वय ५२, एएसटी ५८, एएलटी ६४, प्लेटलेट १९०. उत्तर सुमारें १.९८. आम्हीं आयुष्यभर मुलांकडून वर्गमूळें काढविलीं; त्यांचा हा उपयोग निवृत्तीनंतर कळला!

हें गणित चरबी मोजीत नाहीं, यकृतांत पडलेले व्रण ताडतें. १.३ च्या खालीं भय थोडें, २.६७ च्या वर फार. पासष्टी उलटलेल्यांना खालची मर्यादा २ धरतात. बंधु मधल्या पट्ट्यांत सांपडले, म्हणून फायब्रोस्कॅन करविला. तीन तास उपाशी राहून उताणें निजावें. उजव्या बरगड्यांमधून यंत्र हलके ठोके देतें. कठीण यकृतांतून लहर वेगानें धांवते, त्या वेगावरून काठिण्य कळतें. सुई नाहीं, वेदना नाहीं. दहा मिनिटांत काम आटोपलें. आंकडा ९.४ किलोपास्कल आला. ८ च्या आंत असता तर चिंता नव्हती.

मेथोट्रेक्झेट तूर्त राहिलें आणि प्रकरण यकृततज्ज्ञांकडे गेलें. वजन शेंकडा ७ ते १० उतरल्यास दाह निवतो, व्रणहि मागें हटूं शकतात, असें त्यांनीं सांगितलें. बंधूंनीं स्वतःपुरता वेगळा स्वयंपाक साफ नाकारला. तेव्हां भावजयीनें सोळा माणसांच्या घराचें तेलच मापून काढावयास आरंभ केला. पहिल्या आठवड्यांत मुलांनीं बंड केलें. मातोश्री अद्याप रुसलेल्या आहेत. कपाटांतील तो जुना कागद मात्र बंधूंनीं नव्या फायलींत सर्वांत वर लावला आहे. सहा महिन्यांनीं पुन्हां मोजणी आहे.