डोळ्यांचा कोरडेपणा : ओळख आणि उपचार

डोळ्यांची आग होणे, वाळूचा कण गेल्यासारखे खुपणे, संध्याकाळपर्यंत डोळे लाल व जड होणे आणि वाऱ्यावर गेले की गालावरून पाणी ओघळणे, या तक्रारी नेत्रचिकित्सेच्या बाह्यरुग्ण विभागात नित्य ऐकू येतात. अशा रुग्णाला डोळे कोरडे पडल्याचे सांगितले असता त्याला नवल वाटते. ज्या डोळ्यातून पाणी गळते तो कोरडा कसा, हा त्याचा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर कळल्याशिवाय उपचारही नीट कळत नाही. म्हणून आधी अश्रूंविषयी थोडी माहिती करून घेणे इष्ट होईल.

अश्रू केवळ रडतानाच येतात असे नाही. जागेपणी पापणी मिटते तेव्हा प्रत्येक वेळी बुबुळावर अश्रूंचा अत्यंत पातळ थर सारवला जातो. या थरात तीन घटक असतात. बुबुळाला लागून चिकट श्लेष्म असते. त्याच्यामुळे पाणी पृष्ठभागाला धरून राहते. त्यानंतर अश्रुग्रंथींतून आलेले पाणी असते व त्यात क्षार आणि जंतूंचा प्रतिकार करणारी द्रव्ये असतात. सर्वांत वर तेलाचा तवंग असतो. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून स्रवते. अशा ग्रंथी वरच्या पापणीत सुमारे २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० असतात. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना माइबोम ग्रंथी म्हणतात. दुधावर साय धरली की खालच्या दुधाची वाफ कमी जाते, तेच काम हा तवंग करतो. तो विरळ झाला की पाणी पुरेसे असूनही भराभर उडून जाते.

अशा रीतीने बुबुळ उघडे पडले की तेथील मज्जातंतू मेंदूला इशारा देतात आणि अश्रुग्रंथी एकाएकी पाणी सोडते. कांदा चिरताना येते त्याच जातीचे हे पाणी होय. त्यात तेल व श्लेष्म यांचे प्रमाण पुरेसे नसल्याने ते डोळ्यावर टिकत नाही, गालावर वाहून जाते आणि बुबुळ पुन्हा कोरडे पडते. पिकाला ठिबकने पाणी मिळणे निराळे आणि बांध फुटून लोंढा येणे निराळे. डोळ्यातून पाणी येण्याची इतर कारणेही आहेत, उदाहरणार्थ अश्रुमार्ग बंद होणे. परंतु आग आणि खुपणे यांच्या जोडीला पाणी येत असेल तर कोरडेपणाची शंका अवश्य घ्यावी.

हवामानाचा या विकाराशी कसा संबंध आहे हे पाहण्यासाठी इंदूर शहरातील पलासिया या भागाचे उदाहरण घेता येईल. होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी कुटुंबे स्थायिक आहेत आणि आपल्याकडील अनेकांचे तेथे नात्यागोत्याने जाणे-येणे असते. पलासिया हा भाग जुन्या आग्रा-मुंबई रस्त्यावर आहे. चौकात वाहनांची सतत वर्दळ, तिच्या जोडीला धूर व धूळ. आजूबाजूच्या कार्यालयांत व दुकानांत वातानुकूलन यंत्रांची कोरडी थंड हवा आणि समोर संगणकाचा पडदा. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाते व माळव्याच्या पठारावर उष्ण, शुष्क वारे वाहतात. या वाऱ्यात दुचाकीवरून चष्म्याशिवाय फिरणाऱ्याच्या डोळ्यांतील ओलावा किती वेगाने उडत असेल याची कल्पना करता येईल. जळगाव, अकोला किंवा नागपूर येथील उन्हाळा याहून सौम्य नाही, हे आपल्या वाचकांना सांगावयास नकोच. खेड्यात वाहनांचा धूर कमी असला तरी चुलीचा धूर आणि मळणीच्या दिवसांतील भुसा त्याची उणीव भरून काढतात.

मात्र सारा दोष हवेवर टाकणे बरोबर नाही. सर्वसाधारणपणे माणूस मिनिटाला सुमारे १५ वेळा पापण्या मिटतो. वाचताना, शिवणकाम करताना किंवा पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते, आणि पुष्कळदा पापणी अर्धीच मिटते. वय वाढले की अश्रू कमी होतात. पाळी गेलेल्या स्त्रियांत हा विकार विशेष आढळतो. मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि आमवातासारखा संधिवात यांच्या जोडीनेही तो येतो. डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडे पडत असेल तर एका स्वतंत्र रोगाचा विचार करावा लागतो. स्वीडनमधील नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. सर्दी-खाजेवरील गोळ्या, नैराश्यावरील काही औषधे व मुरमांवरील काही गोळ्या यांमुळेही अश्रू घटतात. चेहऱ्याचा पक्षाघात किंवा कुष्ठरोग यांमुळे पापणी पूर्ण मिटत नसेल, तर बुबुळ सुकून त्यावर जखम होण्याचा धोका असतो. खुपरीने पूर्वी पापण्यांच्या आत व्रण पडलेले वृद्धही या गटात येतात. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपरीचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उच्चाटन झाल्याचे मान्य केले, तरी जुने व्रण बुजत नाहीत.

आता सर्वांत काळजीच्या गोष्टीकडे वळू. डोळे लाल झाले की औषधाच्या दुकानात जाऊन “लाल डोळ्यांचे थेंब द्या” असे सांगण्याची प्रथा शहरात आहे आणि खेड्यातही आहे. लाली घालविणारे काही थेंब केवळ रक्तवाहिन्या आकुंचित करतात. त्यांचा अंमल उतरला की लाली पूर्वीपेक्षा अधिक होते. याहून घातक म्हणजे स्टेरॉइडयुक्त थेंब. ते घातल्यावर एक-दोन दिवसांत आराम पडतो आणि म्हणूनच रुग्ण तीच कुपी पुन्हा पुन्हा आणतो, शेजाऱ्यालाही देतो. काही आठवड्यांच्या वापराने कित्येकांच्या डोळ्यांतील दाब वाढतो. हा दाब दुखत नाही. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत मिळत नाही, आणि मोतीबिंदूही अकाली होऊ शकतो. शेतात डोळ्याला पात किंवा कुसळ लागून बुरशीची जखम झाली असेल, तर हेच थेंब बुबुळ नासवून टाकतात. नेत्रतज्ज्ञ स्वतः कधी कधी असे औषध थोड्या दिवसांसाठी देतात, परंतु ते डोळ्यांचा दाब मोजून. मध, अंगावरचे दूध, गुलाबपाणी यांनी जंतुसंसर्गाची भीती असते. सुरम्यात शिसे असू शकते.

लहान मुलांच्या बाबतीत कोरडेपणाचा अर्थ निराळा असू शकतो, याकडे शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी विशेष लक्ष द्यावे. मूल अंधार पडू लागताच अडखळत असेल, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे डाग दिसत असतील किंवा तो भाग निस्तेज झाला असेल, तर तो ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव समजावा. येथे कृत्रिम अश्रूंनी भागत नाही. विलंब झाल्यास बुबुळ विरघळून कायमचे अंधत्व येते. याच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला लसीबरोबर १ लाख एककांची पहिली मात्रा व पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख एककांची मात्रा, अशा एकूण नऊ मात्रा देण्यात येतात. शेवगा, मेथी, पालक, पिकलेली पपई, आंबा, दूध व अंडी हे नेहमीच्या आहारात असावे.

प्रौढांतील निदान फारसे कठीण नाही. डोळ्यात पिवळा रंग टाकून अश्रूंचा थर किती सेकंदांत तुटतो हे पाहतात. १० सेकंदांच्या आत तुटल्यास तो अस्थिर समजतात. दुसऱ्या चाचणीत टीपकागदाची पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटे अडकवून ती किती भिजते ते मोजतात. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर अश्रू बरेच कमी आहेत असे ठरते.

तेल कमी पडल्याने होणारा प्रकार अधिक आढळतो आणि त्याचा उपचार घरीच करता येतो. स्वच्छ फडके सोसवेल इतक्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे. निवाले की पुन्हा भिजवावे. नंतर वरची पापणी वरून खाली व खालची खालून वर अशी हलक्या बोटाने चोळावी, म्हणजे थिजलेले तेल मोकळे होते. हे रोज, निदान काही आठवडे करावे. पंख्याचा किंवा कूलरचा झोत तोंडावर घेऊन झोपू नये. दुचाकीवर बाजूने झाकणारा चष्मा वापरावा. पडद्यासमोर बसणाऱ्यांनी दर वीस मिनिटांनी दूर पाहावे व दहा-बारा वेळा पापण्या पूर्ण मिटाव्यात. माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा बराच बोलबाला आहे. परंतु अमेरिकेत ५३५ रुग्णांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या ऑलिव्ह तेलापेक्षा सरस ठरल्या नाहीत. त्यावर पैसे खर्चण्याची घाई नको.

याने भागले नाही तर कृत्रिम अश्रू वापरावे लागतात. हे थेंब म्हणजे उपचारापेक्षा पुरवठा आहे; नियमित घातले तरच उपयोग होतो. दिवसातून चारापेक्षा अधिक वेळा लागत असल्यास परिरक्षक द्रव्य नसलेले थेंब मागावेत, कारण ते द्रव्यच पुढे डोळ्याला बाधते. कुपीचे टोक पापणीला लागू देऊ नये. तीव्र विकारात सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. त्यांचा गुण दिसण्यास काही महिने लागू शकतात, म्हणून ते मध्येच सोडू नयेत. अश्रू वाहून नेणारी छिद्रे बारीक खुंटीने बंद करण्याचीही सोय आहे.

तीव्र वेदना, दृष्टी एकाएकी मंद होणे, उजेड न सोसणे, बुबुळावर पांढरा ठिपका किंवा पू दिसल्यास यांपैकी काहीही घरी करीत बसू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जावे आणि घरात वापरलेली थेंबांची कुपी दाखविण्यासाठी बरोबर न्यावी.